पाटाला पाणी येईपर्यंत

‘हल्ली काही सुचतच नाही गं!’ हे वाक्य आमच्या बुधवारच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच. संगमनेरमध्ये आम्ही दहा-बाराजणी पाळीपाळीनं एकमेकींच्या घरी जमतो. कुणी कविता करते, कुणी गोधडीचे नवे नमुने बसवते, एकजण जुन्या ओव्यांना चाली लावते. चहा, पोहे आणि ‘नवीन काय केलंस?’ हा एक प्रश्न, एवढाच कार्यक्रम. पण या साध्या प्रश्नाचीही कधीकधी धास्ती वाटते.

गेल्या श्रावणात आमची एक मैत्रीण पिशवीत तीन वह्या घेऊन आली. तिची कविता एका दिवाळी अंकात छापून आली होती, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्यानंतर दोन वर्षं एक ओळ नाही. ‘‘रद्दीत घालायच्या आधी दाखवाव्यात म्हटलं,’’ ती हसत म्हणाली. पण पिशवीचे बंद काही हातातून सोडेना.

मैत्रिणींनो, हे दुखणं न सुचण्याचं असतंच, पण त्याहून जास्त ते एकदा सुचून गेल्याचं असतं. ज्या बाईनं कधी लिहिलंच नाही, तिला कोरी वही छळत नाही. कौतुक झालं, चार फोन आले, नातेवाइकांत नाव झालं, की मग भीती वाटते. पुढची कविता याहून बरी नको का? चढ आला म्हणजे उतार आलाच, हे संसारात आपल्याला पाठ असतं. स्वतःच्या कलेच्या बाबतीत मात्र आपण उताराला ‘संपलं’ म्हणून मोकळ्या होतो.

आपल्याच गावचे अनंत फंदी घ्या. १७४४ साली संगमनेरात जन्मलेला हा शाहीर. आज त्यांच्या नावानं गावात व्याख्यानमाला भरते, आणि त्यांचा फटका आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला असतो. पण फंदी आधी गाजले ते तमाशाच्या फडावर, लावण्यांसाठी. असं सांगतात, की अहिल्याबाई होळकरांनी चार शब्द सांगितले आणि त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली. गोष्ट जशी घडली असेल तशी असो, पण भरल्या फडातून उठणं म्हणजे काय, याचा विचार करा. हक्काच्या टाळ्या, हक्काचे श्रोते, हाताला बसलेला साचा, सगळंच मागे राहतं. नव्या जागी आपण पुन्हा शिकाऊ.

त्यांच्या काळानंही त्यांना चढ-उतार दोन्ही दाखवले. १७९५च्या मार्चमध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामावर विजय मिळवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऐन तारुण्यातले सवाई माधवराव गेले. फंदींनी खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचला आणि ‘माधवनिधन’ही लिहिलं. विजयाला पोवाडा शोभला, शोकाला ओवी लागली. मला वाटतं, कधीकधी आपण आटलेल्या नसतो. जुना साचा पुरेनासा झालेला असतो, इतकंच.

दुसरं उदाहरणही आपल्या नगर जिल्ह्याशी जोडलेलं, लक्ष्मीबाई टिळकांचं. बी.ए.ला मराठी होतं म्हणून ‘स्मृतिचित्रे’ वाचलं. तेव्हा हसले खूप, पण त्यातली वर्षं मोजली नव्हती. ती आता मोजते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४मध्ये. म्हणजे वयाच्या पासष्टीनंतर! मधल्या काळात फिरतं बिऱ्हाड, नवऱ्याच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, पुन्हा मांडलेला संसार आणि पदराखाली घेतलेली दुसऱ्यांची मुलं. १९१९मध्ये रेव्हरंड टिळक गेले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईनं! मधली वर्षं कुणी ‘वाया गेली’ म्हणेल का? ‘स्मृतिचित्रे’ त्याच वर्षांनी तर भरलंय.

बायकांच्या बाबतीत ही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपलं ‘सुचत नाही’ हे पुष्कळदा ‘सवड नाही’ असतं. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्या तीन वर्षांत मी औषधांच्या वेळांशिवाय काही लिहिलं नाही. त्या गेल्यावर वर्षभरानं लेखणी हातात घेतली, तर पहिल्याच लेखात त्यांच्या तोंडची वाक्यं रांगेनं येऊन उभी राहिली. तेव्हा उतार आला की आधी तपासावं, मन आटलंय की अंग थकलंय? थकव्याला झोप लागते आणि घरातल्यांनी उचललेला कामाचा वाटा लागतो. आणि हो, झोप उडाली, जेवण नकोसं झालं, कशातच जीव रमेना आणि असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर त्याला कलेचा उतार म्हणू नये. सरळ डॉक्टरांकडे जावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकी उतारात काय करायचं, हे प्रवराकाठच्या बायकांना कुणी शिकवायला नको. १९२६मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, तेव्हापासून इथली शेती आवर्तनावर चालते. पाटाला पाणी कायम नसतं, ते पाळीनं सुटतं. पाणी नसतं तेव्हा शेतकरी ‘पाट मेला’ म्हणत नाही. तो चाऱ्यांमधलं गवत काढतो, गाळ उपसतो, बांध नीट करतो. आणि पाणी आलं की रात्री दोन वाजतासुद्धा बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणून चालत नाही.

चढाचा धडा तोच आहे. सुचतंय तेव्हा भाजी चिरता चिरता का होईना, कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मिळेल तिथे उतरवून घ्या. छान झालंय की वाईट, ते नंतर पाहू. आणि सुचत नसेल तेव्हा चारी साफ ठेवा. म्हणजे वाचा, ऐका, दुसरीच्या गोधडीला चार टाके घाला, आजीच्या ओव्या लिहून घ्या.

त्या मैत्रिणीच्या वह्या रद्दीत गेल्या नाहीत. सध्या माझ्या कपाटात आहेत, मागेल तेव्हा देईन. नवी कविता तिनं अजून लिहिलेली नाही. पण सध्या ती गल्लीतल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेते आहे. कविता येईल का? मला ठाऊक नाही, तिलाही नाही. आली नाही तरी त्या आजींच्या ओव्या तर वाचल्या!

म्हणून एवढंच सांगते. तुमच्याही घरात माळ्यावर अशी एखादी वही, अर्धं विणलेलं काही, गवसणीत घातलेली पेटी असेल, तर ती कुणाला देऊन टाकण्याची घाई करू नका. फडक्यानं पुसून हाताशी येईल अशा जागी ठेवा. पाणी कधी सुटेल, हे आपल्या हातात नाही. चारी बुजू न देणं मात्र आहे.