न्यायकार्यातील अडथळा व त्याविरुद्धचा बचाव

न्यायाधीश, साक्षीदार, तपास करणारे पोलीस किंवा न्यायालयाचा हुकूम बजावणारा कर्मचारी यांच्या कायदेशीर कामात हेतुपुरस्सर व्यत्यय आणण्याच्या कृतीस न्यायकार्यातील अडथळा असे सर्वसाधारणपणे म्हणतात. अमेरिकेच्या संघीय दंडविधानात या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. भारतीय कायद्यात मात्र या नावाचा एकच एक अपराध नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तो लोकसेवकाच्या अधिकाराचा अवमान, खोटा पुरावा व सार्वजनिक न्यायाविरुद्धचे अपराध आणि शरीराविरुद्धचे अपराध अशा तीन प्रकरणांत विखुरलेला होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही (२०२३) ही विभागणी कायम आहे. त्यामुळे आरोपीच्या वकिलाला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो असा, की आरोप नेमक्या कोणत्या कलमाखाली आहे? आरोपाचे नाव व्यापक असले, तरी कलमे अरुंद आहेत आणि बचावाची बहुतेक साधने या अरुंदपणातूनच मिळतात.

वृत्तपत्रांतून नित्य आढळणारा ‘सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा’ हा शब्दप्रयोग दोन अगदी भिन्न अपराधांना लावला जातो. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामात इच्छापूर्वक अडथळा आणणे (जुने कलम १८६, नवे २२१) हा त्यांतील सौम्य अपराध होय. त्याची कमाल शिक्षा तीन महिने कैद असून नव्या संहितेत दंडाची मर्यादा ५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आली. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हमला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग करणे (जुने कलम ३५३, नवे १३२) हा गंभीर अपराध असून त्याची मूळ शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. महाराष्ट्राने राज्यदुरुस्तीने २०१८ पासून ती पाच वर्षांपर्यंत वाढविली व हे खटले सत्र न्यायालयाकडे सोपविले. नव्या संहितेत ही मर्यादा पुन्हा दोन वर्षांची आहे. तथापि घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल, तर तिला जुनाच कायदा लागू होतो. म्हणून घटनेची तारीख ही बचावातील किरकोळ बाब नव्हे.

हा फरक कोठे जाणवतो, ते मुंबई उपनगर जिल्ह्यातील मानखुर्दसारख्या वस्तीच्या उदाहरणावरून कळते. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईत झोपड्या हटविण्याची जी मोठी मोहीम झाली, तीत मानखुर्दमधील मंडाला ही वसाहतही सापडली. अशा कारवाईच्या वेळी एखादी स्त्री दारात उभी राहून वाट देत नाही, दुसरी तावातावाने बोलते, तिसरा कर्मचाऱ्याचा हात धरतो आणि एकाच तक्रारीत तिघांची नावे येतात. कायद्याच्या दृष्टीने या तीन कृती एक नाहीत. हमला अथवा बलप्रयोग यांशिवाय गंभीर कलम लागत नाही. बंगलोरच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर लिहिलेल्या कडवट मजकुरावरून लावलेले हे कलम सर्वोच्च न्यायालयाने माणिक तनेजा खटल्यात (२०१५) याच कारणाने रद्द ठरविले. सौम्य कलमास मात्र बलप्रयोगाची गरज नाही. २०२५ मधील देवेंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘अडथळा’ या शब्दाचा अर्थ शारीरिक बळापुरता मर्यादित करण्यास नकार दिला. साहजिकच प्रत्येक आरोपीची कृती सुटी करून दाखविणे हे वकिलाचे काम ठरते. जमावाची म्हणून एक कृती दाखवून सर्वांना एकाच कलमात बसविण्याची पोलिसांची सवय जुनी आहे आणि तिचा फटका बहुधा वकील परवडत नाही अशांनाच बसतो.

कारवाईच बेकायदेशीर होती, असा बचाव पुष्कळदा घेतला जातो. पण त्याची मर्यादा ओळखणे अवश्य आहे. लोकसेवक आपल्या पदाच्या अधिकारात सद्‌भावनेने वागत असेल, तर त्याची कृती काटेकोरपणे समर्थनीय नसली, तरी तिच्याविरुद्ध खाजगी संरक्षणाचा हक्क मिळत नाही (जुने कलम ९९, नवे ३७). मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असल्यास, अथवा समोरची व्यक्ती लोकसेवक आहे हे माहीत नसल्यास व तसे मानण्यास कारणही नसल्यास, ही मर्यादा लागू होत नाही. नोटीस न देता घर पाडणे ही गोष्ट दिवाणी न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात दाद मागण्यास भरभक्कम आधार होईल. दगड उचलण्यास ती आधार होत नाही.

न्यायालयाचा हुकूमनामा बजावण्यास बेलीफ आला असता स्थिती आणखी निराळी असते. समजा, मानखुर्दच्या एखाद्या चाळीतील खोलीचा ताबा घरमालकाला देण्याचा हुकूमनामा झाला. पण खोलीत राहणारा माणूस त्या दाव्यात पक्षकारच नव्हता व त्याचा स्वतःचा स्वतंत्र हक्क असल्याचे तो सांगतो. त्याने शांतपणे ताबा नाकारला, तर बेलीफ तसा अहवाल देऊन परत जातो. त्यानंतर हुकूमनामाधारक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ९७ अन्वये अर्ज करतो. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात या अर्जाला ‘ऑब्स्ट्रक्शनिस्ट नोटीस’ असेच नाव रूढ आहे. १९७६ च्या दुरुस्तीपासून हक्कासंबंधीचे सर्व प्रश्न याच कामात निकालात निघतात, वेगळा दावा लावावा लागत नाही, आणि झालेल्या आदेशाला हुकूमनाम्याचे बळ असते. ब्रह्मदेव चौधरी खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की त्रयस्थाला आधी बाहेर काढून मग त्याचे म्हणणे ऐकण्याचे कारण नाही. ताबा जाण्यापूर्वीच तो निर्णय मागू शकतो. उलटपक्षी ऋणकोने स्वतः किंवा त्याच्या चिथावणीने कोणी न्याय्य कारणाशिवाय अडथळा चालू ठेवला, तर त्याला तीस दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. म्हणजे अडथळा करणारा हा येथे आरोपी नसून एक पक्षकार असतो. बेलिफाच्या अंगावर हात टाकल्याक्षणी तो हे स्थान गमावतो.

बचावाचे दुसरे मोठे क्षेत्र फिर्याद कोणी केली, या प्रश्नाचे आहे. सौम्य कलमाखालील अपराधाची दखल संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी फिर्यादीवाचून दंडाधिकाऱ्यास घेता येत नाही. न्यायालयातील खोट्या साक्षीसाठी त्या न्यायालयाचीच फिर्याद लागते (फौजदारी प्रक्रिया संहिता कलम १९५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम २१५). दौलतराम वि. पंजाब राज्य (१९६२) या खटल्यात अशी फिर्याद नसल्याने संपूर्ण खटला आरंभापासूनच निरर्थक ठरला. मात्र गंभीर कलमास हे बंधन नाही. दुर्गाचरण नाईक खटल्यात (१९६६) तसे स्पष्ट करताना सर्वोच्च न्यायालयाने, हे बंधन चुकविण्यासाठी अपराधाला भलतेच नाव देता येणार नाही, असेही बजावले. सौम्य कलमाच्या अपराधास दखलीची मुदत एक वर्षाची आहे, हेही तपासावे लागते.

खोट्या साक्षीबाबत न्यायालयाने फिर्याद करण्यापूर्वी, तसे करणे न्यायाच्या हिताचे आहे असे त्याचे मत व्हावे लागते. केवळ विसंगती पुरेशी नाही. असत्य हे जाणूनबुजून सांगितलेले असावे लागते. पोलिसांनी तपासात नोंदविलेला जबाब शपथेवर नसतो. त्यामुळे त्याच्यापासून साक्षीदार ढळला म्हणून शपथेवरील खोट्या साक्षीचा अपराध आपोआप सिद्ध होत नाही.

पुरावा नाहीसा करण्याच्या आरोपास (जुने कलम २०१, नवे २३८) न्यायालयाच्या फिर्यादीची अट नाही. तेथे लढाई गुणदोषांवरच होते. मूळ अपराध खरोखर घडला होता, आरोपीला तो माहीत होता अथवा तसे मानण्यास कारण होते आणि अपराध्याला शिक्षेपासून वाचविण्याच्या हेतूने त्याने पुरावा नाहीसा केला, हे सर्व सरकारपक्षाला सिद्ध करावे लागते. पलविंदर कौर खटल्यात (१९५२) पतीचे प्रेत पेटीत घालून विहिरीत टाकल्याचा आरोप होता. पण मृत्यू एखाद्या अपराधामुळेच झाला, हे सिद्ध न झाल्याने ती निर्दोष सुटली. तिच्या निवेदनातील सोयीचा भाग घेऊन उरलेला टाकून देता येणार नाही, असेही त्या निकालाने सांगितले. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात मोटारीच्या धडकेने दोघांचा मृत्यू झाल्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा जो आरोप झाला, त्यातही या कलमाचा आधार घेण्यात आला. अपराध्याला आसरा देण्याच्या कलमात (जुने २१२, नवे २४९) पती किंवा पत्नी यांना सूट आहे. मुलाला लपविणाऱ्या आईला ती नाही. भारतीय कुटुंबाची घडण पाहता ही सूट फार तोकडी वाटते.

मौन बाळगणे हा अडथळा आहे काय, हा प्रश्न नंदिनी सत्पथी खटल्यात (१९७८) उपस्थित झाला. ओरिसाच्या या माजी मुख्यमंत्र्यांनी पोलिसांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे देण्याचे नाकारल्यावर त्यांच्याविरुद्ध उत्तर न देण्याबद्दल फिर्याद करण्यात आली. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण पोलीस तपासाच्या टप्प्यापासूनच मिळते, असे न्यायालयाने ठरविले. परंतु स्वतःला न गोवणाऱ्या प्रश्नांना उत्तर देण्याचे टाळता येत नाही. बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने हे या संरक्षणात येत नाहीत, हा मुंबई राज्य वि. काठी कालू ओघड (१९६१) या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने दिलेला निर्णय आहे. थोडक्यात, गप्प बसता येते. खोटे सांगता येत नाही, की कागद फाडता येत नाही.

साक्ष फिरविण्याच्या प्रकरणात न्यायालये किती कठोर होऊ शकतात, याचे उदाहरण बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात दिसते. आरोपी सुटल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये त्याची फेरसुनावणी महाराष्ट्रात घेण्याचा आदेश दिला व मुंबईच्या विशेष न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना दोषी ठरविले. प्रमुख साक्षीदार जाहिरा शेख हिने वारंवार भूमिका बदलली होती. आपल्यावर इतरांचा दबाव होता, हे तिचे म्हणणे चौकशीत टिकले नाही आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल तिला एक वर्षाची साधी कैद व ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा दिली. दबावाचा बचाव घ्यावयाचा, तर तो दबाव आला त्याच वेळी दंडाधिकाऱ्यापुढे किंवा खटला चालविणाऱ्या न्यायालयापुढे लेखी नोंदविलेला असावा लागतो. मागाहून सांगितलेल्या दबावावर न्यायालये सहसा विश्वास ठेवीत नाहीत.