दोन किल्ल्यांची तिजोरी

जुन्या सरकारी खजिन्यांस दोन कुलुपें असत व त्यांच्या किल्ल्या दोन निराळ्या अधिकाऱ्यांपाशीं राहत. एकट्याच्यानें तिजोरी उघडत नसे. आपल्या देहाच्या रक्षणाची व्यवस्था पुष्कळ अंशीं अशीच आहे.

रक्तांतील पांढऱ्या पेशी रोगजंतूंशीं लढतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस पाठ असतें. लढाईचा हुकूम कसा सुटतो, हें मात्र क्वचितच कोणी विचारितो. ह्या पेशींत टी-पेशी नांवाची एक जात आहे. पहारेकऱ्याचें काम करणारी दुसरी एक पेशी जंतूचा तुकडा आपल्या अंगावर धरून तिला दाखविते. तो तिनें ओळखला, ही पहिली किल्ली. परंतु पहारेकरी पेशीवरील बी-७ हा रेणू टी-पेशीवरील सीडी-२८ ह्या रेणूस भिडल्यावांचून दुसरी किल्ली फिरत नाहीं. ती फिरली म्हणजे एका पेशीच्या हजारों होतात. अशा रेणूंस सह-उत्तेजक रेणू म्हणतात. बी-७ विपुल प्रकट होतो तो संसर्गाची चाहूल लागल्यावर. दुसरी किल्ली न मिळाली तर टी-पेशी निश्चेष्ट पडते, आणि तें इष्टच होय; एरवीं ती आपल्याच सांध्यांवर तुटून पडावयाची.

दुसरी किल्ली एकटीच फिरविली तर काय होतें, हें लंडन शहरीं १३ मार्च २००६ रोजीं दिसून आलें. संधिवातादि रोगांवर योजिलेलें टीजीएन-१४१२ नामक औषध पहिलीची वाट न पाहतां सीडी-२८ लाच चेतवीत असे. जनावरांस निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या ५०० व्या हिश्श्याइतकें तें सहा निरोगी तरुणांस सुमारें दहा-दहा मिनिटांच्या अंतरानें टोंचण्यांत आलें. दीड तासाच्या आंत सहाहि जण डोकेदुखी, ताप व वांत्या यांनीं व्याकूळ झाले. पुढें त्यांचीं फुप्फुसें व मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं. सुदैवानें सर्व वांचले, तरी एकास पायांचीं बोटें गमवावीं लागलीं. माकडांच्या अनुभवी टी-पेशींवर सीडी-२८ नसतो व मनुष्याच्या असतो, हा भेद मागाहून उमगला. आमच्या मतें पहिल्याची अवस्था दिवसभर पाहून मगच दुसऱ्यास टोंचावयास हवें होतें.

ह्याच ज्ञानाचा सदुपयोगहि झाला आहे. २००५ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें अबाटासेप्ट हें औषध बी-७ ला झांकून टाकितें व संधिवाताच्या रोग्यांस आराम देतें. उलट, सीटीएलए-४ नांवाचा रेणू टी-पेशीस लगाम घालितो. तो लगाम काढिला असतां उंदरांतील कर्करोगाच्या गांठी विरतात, असें जेम्स अ‍ॅलिसन यांनीं १९९६ सालीं दाखविलें. २०११ सालीं त्याच तत्त्वावरील औषध त्वचेच्या कर्करोगावर मान्य झालें, व २०१८ सालीं त्यांस होंजो यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. लगाम सुटलेल्या पेशी मात्र कित्येक रोग्यांच्या आंतड्यांवरहि उलटतात, आणि मग औषध थांबवावें लागतें.