दोन ध्रुवांचें बर्फ

भूगोलाच्या पुस्तकांत दोन्ही ध्रुवांचें वर्णन बहुधा एकाच पानावर उरकलेलें असतें. सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र आणि चोहोंकडे बर्फ, एवढें सांगून पुस्तक पुढें निघून जातें. त्यामुळें हे दोन प्रदेश म्हणजे एकमेकांच्या प्रतिकृतीच होत, असा समज चांगल्या शिकलेल्या माणसाच्याहि मनांत घर करून राहतो. ध्रुवप्रदेशांतील हवामानाविषयीं आज जो गोंधळ ऐकूं येतो, त्याचें बरेंचसें मूळ या समजांत आहे. उत्तरेकडील समुद्राचें बर्फ घटत असतांना दक्षिणेकडील वाढत होतें, ही गोष्ट २०१४ पर्यंत खरीच होती. आणि तेवढ्यावरून पृथ्वी तापत असल्याची सारी हाकाटी फोल आहे, असें अनुमान काढून मोकळे होणारेहि पुष्कळ निघाले.

वस्तुतः या दोन प्रदेशांची घडण अगदीं उलट आहे. उत्तर ध्रुव समुद्रांत आहे. सैबीरिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड यांनीं वेढलेल्या त्या समुद्रावर केवळ कांहीं मीटर जाडीचें बर्फ तरंगत असतें. नॉर्वेच्या नॅन्सेननें १८९३ सालीं आपलें ‘फ्राम’ जहाज मुद्दाम या बर्फांत अडकवून घेतलें. तें त्याच्याबरोबर वाहत वाहत १८९६ मध्यें अटलांटिकच्या बाजूला बाहेर पडलें, आणि खालीं जमीन नसून खोल समुद्र आहे हें त्या प्रवासानें सिद्ध झालें. दक्षिणेकडे याच्या उलट एक सबंध खंड आहे. त्याच्या पाठीवर सरासरीनें सुमारें दोन किलोमीटर व कोठें कोठें साडेचार किलोमीटरांहूनहि अधिक जाडीचें बर्फ बसलें आहे, आणि समुद्र त्या खंडाभोंवतीं आहे.

तरंगतें बर्फ आणि जमिनीवरचें बर्फ यांतला भेद घरांतल्या पेल्यांत पाहतां येतो. पेल्यांतील पाण्यांत बर्फाचा खडा टाकून पातळीवर खूण करावी व खडा विरघळूं द्यावा. पाणी खुणेच्या वर चढत नाहीं. बाहेरून दुसरा खडा टाकावा, कीं पातळी तत्काळ चढते. आर्किमिडीजचा हा नियम ध्यानांत असला म्हणजे पुढचा हिशेब सोपा होतो.

प्रथम उत्तरेकडचें पाहूं. १९७९ पासून कृत्रिम उपग्रह तेथील बर्फाचा विस्तार नित्य मोजीत आहेत. उन्हाळा संपतांना, सप्टेंबर महिन्यांत, हें बर्फ सर्वांत कमी असतें. प्रारंभींच्या वर्षांत तें सुमारें ७० लाख चौरस किलोमीटर असे. २०१२ सालीं तें अवघें ३४ लाख उरलें. तो नीचांक २०२५ पर्यंत मोडला नव्हता. म्हणून संकट टळलें असें कोणी म्हणेल, तर एका चांचणी परीक्षेच्या गुणांवरून विद्यार्थ्याची पारख करण्यासारखें तें होईल. २००७ ते २०२५ या एकोणीस वर्षांपैकीं प्रत्येक वर्षाचें सप्टेंबरचें बर्फ त्यापूर्वींच्या सर्व वर्षांहून कमी भरलें आहे. पाहावयाचें तें हें.

उत्तर ध्रुवाकडील हवा गेल्या चाळीसेक वर्षांत साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या सुमारें चौपट वेगानें तापली. मूळ कारण जगभर एकच: कोळसा व तेल जाळल्यानें वाढलेला कार्बन डायॉक्साइड वायु. परंतु तेथें त्याला दुसऱ्या गोष्टींची जोड मिळते. हिमानें झांकलेलें बर्फ सूर्यप्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परत फेंकतें. उघडें काळसर पाणी नऊ दशांशांहून अधिक गिळतें. चुना दिलेली गच्ची आणि डांबर फांसलेलें छप्पर यांवर मे महिन्यांतील दुपारीं अनवाणी पाय ठेवून पाहणाऱ्याला याहून अधिक स्पष्टीकरण नको. बर्फ घटलें कीं पाणी तापतें, आणि पाणी तापलें कीं बर्फ आणखी घटतें.

गंमत अशी कीं, तेथील समुद्रावरच्या हवेची ही वाढ खुद्द उन्हाळ्यांत फारशी दिसत नाहीं. वितळत्या बर्फावरची हवा शून्य अंशाच्या फारशी वर जात नाहीं. आलेली उष्णता वितळविण्यांतच खर्चीं पडते. समुद्रानें सांठविलेली ही उष्णता पुढें शरदांत बाहेर पडूं लागते, पाणी उशिरां गोठतें, आणि नव्या पातळ बर्फांतून ती हिंवाळाभर झिरपत राहते. म्हणून उत्तर ध्रुवाचें खरें तापणें त्याच्या काळोख्या महिन्यांत मोजावें लागतें.

दक्षिणेकडे वारे आणि समुद्र निराळें काम करीत होते. अंटार्क्टिकाभोंवतीं पश्चिमेचे वारे अखंड घोंगावत असतात. ते पृष्ठभागावरचें पाणी उत्तरेकडे लोटतात, व त्याच्या जागीं शतकानुशतकें हवेचा स्पर्श न झालेलें खोल पाणी वर येतें. तें तापण्यापूर्वींच पुढें ढकललें जातें. यामुळें तेथील समुद्राचें तापणें लांबलें. सप्टेंबर २०१४ मध्यें, म्हणजे तेथल्या हिंवाळ्याच्या अखेरीस, समुद्रावरील बर्फ २ कोटी चौरस किलोमीटरांच्या वर गेलें होतें. मग २०१६ सालीं तें एकाएकीं ढासळलें. फेब्रुवारी २०२३ मध्यें १८ लाखांहूनहि कमी उरलें. आणि त्याच वर्षींच्या हिंवाळ्यांत १ कोटी ७० लाखांपर्यंतहि पोंचलें नाहीं. ‘दक्षिणेकडे तर वाढतें आहे’ हा आधार असा गळून पडला.

तथापि दक्षिणेकडील खरी चिंता समुद्रावरच्या बर्फाची नव्हे. खंडावरच्या हिमनद्या किनाऱ्याशीं येऊन समुद्रावर जाड फळीसारख्या पसरतात, आणि ती फळी मागच्या हिमनद्यांना बांधासारखी अडवून धरते. भारताचें ‘दक्षिण गंगोत्री’ हें पहिलें ठाणें अशाच फळीवर उभारलेलें होतें. डिसेंबर १९८१ मध्यें गोव्याहून निघालेल्या पहिल्या भारतीय मोहिमेनंतर लवकरच तें वसलें, पण कांहीं वर्षांतच हिमाखालीं गाडलें गेलें; पुढचें ‘मैत्री’ खडकावर बांधावें लागलें. २००२ सालीं ‘लार्सेन बी’ नांवाची अशीच एक फळी, सुमारें ३,२५० चौरस किलोमीटरांची, महिन्याभरांत फुटून गेली. फळी तरंगती असल्यामुळें तिनें स्वतः समुद्र चढविला नाहीं; परंतु बांध फुटतांच मागच्या हिमनद्या कित्येक पट वेगानें समुद्रांत उतरूं लागल्या. पेल्यांत बाहेरचा खडा पडला तो असा. पश्चिम अंटार्क्टिकांतील थ्वेट्स हिमनदीचें तर बूडच समुद्रसपाटीच्या खालीं आहे, आणि शून्याच्या किंचित् वरचें खोल पाणी तिला खालून पोखरीत आहे.

या बर्फाचें वजन करण्याची युक्ति नामी आहे. २००२ पासून उपग्रहांची एक जोडी सुमारें २२० किलोमीटर अंतर राखून एकामागून एक फिरत असे. २०१८ पासून दुसरी जोडी तेंच काम करूं लागली. खालीं जड पदार्थ आला कीं त्याच्या आकर्षणानें त्यांच्यामधील अंतर किंचित् बदलतें, व त्यावरून खालच्या बर्फाचें वजन निघतें. या मापाप्रमाणें ग्रीनलंड दरवर्षीं सरासरीनें सुमारें २७० अब्ज टन व अंटार्क्टिका १४० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावीत आलें आहे. ३६० अब्ज टनांनीं सारा समुद्र एक मिलिमीटर चढतो. आंकडा क्षुल्लक वाटतो. पण ग्रीनलंडवर सात मीटरांचा व अंटार्क्टिकावर अठ्ठावन्न मीटरांचा सांठा शिल्लक आहे.

हें पाणी सर्वत्र सारखेंहि वांटलें जात नाहीं. ग्रीनलंडचा बर्फाचा डोंगर आपल्या आकर्षणानें भोंवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरीत असतो. डोंगर झिजला कीं ती ओढ सैल पडते, जवळचें पाणी ओसरतें आणि हजारों मैल दूरच्या किनाऱ्यांवर जाऊन चढतें. कोंकणचा किनारा त्या दूरच्या किनाऱ्यांपैकीं आहे.