हिवाळ्यांतील नॅक्सॉस

ग्रीसचें बेट म्हटलें कीं उन्हाळ्यांतील प्रवाशांची झुंबड डोळ्यांपुढें येते. परंतु एजियन समुद्रांतील नॅक्सॉस पाहावें तें जानेवारींत. तेथें पाऊस बहुतांशीं हिवाळ्यांतच पडत असल्यानें उन्हाळ्यांत करपलेले डोंगर तेव्हां हिरवे होतात; बंदरापाशीं ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत अपुरें राहिलेल्या मंदिराचा संगमरवरी दरवाजा निर्जन वाऱ्यांत उभा असतो. बऱ्याच खानावळी मिटलेल्या. उघड्या असतात त्यांत बटाटे पिकविणारे शेतकरी बसलेले.

ह्या एकांताचें मोल समुद्र वसूल करतो. वाऱ्याचें बळ बोफोर्ट मापानें 8 झालें कीं बंदराचे अधिकारी सामान्यतः बोटी रोखून धरतात. पिरिअसची बोट नाहीं म्हणजे औषधें, भाजी, टपाल सारेंच खोळंबतें. पाहुण्याचें विमान चुकेल एवढेंच. बेटावरच्या आजाऱ्याचें काय? शहाण्या प्रवाशानें परतीपूर्वींचे दोन दिवस हातचे ठेवावे.

मध्य हिवाळ्यांत मात्र कधीं कधीं वारा थांबून ऊबदार ऊन पडतें. ह्या दिवसांना ग्रीक लोक ‘अल्किओनिदेस’ म्हणतात. खंड्या पक्षी तेव्हां समुद्रकांठीं अंडीं घालतो, म्हणून देव लाटा शांत ठेवतात, अशी पुराणकथा आहे. खरा खंड्या अंडीं घालतो तीं वसंतांत, तींहि नदीकांठच्या बिळांत!