बंद करायला अवघड स्विच

गारखेड्यात पाण्याची पाळी आली की लाइनमन व्हॉल्व्हला चावी लावतो. थोडी फिरवली की गल्लीभर पाणी सुटतं. पण व्हॉल्व्ह झिजला की चावी घट्ट पिळूनही पाणी झिरपत राहतं. ट्रान्झिस्टर या स्विचचं कामही असंच, आणि दुखणंही.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये बार्डीन आणि ब्रॅटेन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवला. शॉकलीसह दोघांना १९५६ चं नोबेल मिळालं. आजच्या चिपमधला मॉस्फेट मात्र अटाला आणि कांग यांचा, १९५९ चा. सिलिकॉनवर दोन बाजूंना सोर्स आणि ड्रेन, मधल्या जागेवर ऑक्साइडचा विद्युतरोधक थर, त्यावर गेट. गेटला व्होल्टेज दिलं की ऑक्साइडखाली इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि सोर्सपासून ड्रेनपर्यंत वाट, म्हणजे चॅनेल, तयार होते.

हे घरीही पाहता येतं. ब्रेडबोर्डवर २एन७००० हा स्वस्त मॉस्फेट लावा. नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून एक किलो-ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी ड्रेनपर्यंत जोडा. सोर्स ऋण टोकाला. आता गेटची वायर क्षणभर धन टोकाला टेकवून काढा. वायर सुटली तरी एलईडी जळतच राहतो, कारण खालच्या ऑक्साइडमुळे गेटवरच्या विद्युतभाराला निसटायला वाट नसते. गेट आणि सोर्सच्या पायांवर एकदम बोट ठेवा, एलईडी विझतो.

नॅनो मापावर हा ऑक्साइडचा भरवसा राहत नाही. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये साधारण २,३०० ट्रान्झिस्टर होते. पुढे आकार घटत गेला, तसा ऑक्साइडही जेमतेम १.२ नॅनोमीटरवर, म्हणजे अणूंच्या चार-पाच थरांवर आला. इतक्या पातळ थरातून इलेक्ट्रॉन टनेलिंगने आरपार जातात. म्हणून २००७ मध्ये इंटेलने हाफ्नियमयुक्त, जाड पण तितकाच परिणामकारक थर आणला. चॅनेलही आखूड झाल्याने बंद स्थितीत गळू लागला होता. त्यावर उपाय म्हणून फिनफेट या रचनेत गेटने त्याला तीन बाजूंनी धरलं, आणि २०२२ पासून सॅमसंगच्या चिपमध्ये चारही बाजूंनी. या चिपचं ‘३ नॅनोमीटर’ हे मात्र पिढीचं नाव. चिपमधल्या कुठल्याही भागाचं ते माप नव्हे.

हे शिकायला परदेश गाठायलाच हवा असं नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे आणि ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम’मधून बाहेरच्या कॉलेजांतल्या संशोधकांनाही तिथल्या क्लीनरूममध्ये प्रशिक्षण घेऊन स्वतःचं डिव्हाइस बनवता येतं. गारखेड्यातून इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांनी कॉलेजात या योजनेची चौकशी जरूर करावी. त्याआधी दोनशे-तीनशे रुपयांच्या सामानात गेटचा गुण तपासून घ्यावा.