रंगवलेले वार्धक्य, आलेले वार्धक्य

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर कप्तान कर्कची 'एंटरप्राइझ' नौका अवतरत असे, तेव्हा शेजाऱ्यांच्या ओटीवर चपला काढून त्यांच्या कृष्णधवल संचासमोर मांडी घालून बसण्याचा माझा जो शिरस्ता पडला, तो पुढे घरात केबलची तार आली, कर्कच्या जागी कप्तान पिकार्ड रुजू झाला आणि माझ्या मस्तकावरील केसांनी त्याच्याच केसांचे अनुकरण केले, तरी मोडला नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. कर्कची 'स्टार ट्रेक' ही मालिका जीन रॉडनबेरी यांनी 1966 साली आणली. ती तीन पर्वांत बंद पडली. 1987 साली त्यांनीच पिकार्डची 'द नेक्स्ट जनरेशन' सुरू केली, ती 1994पर्यंत सात पर्वे चालली. तिच्यावरचे चार चित्रपट ज्यांना पाहायचे त्यांनी खुशाल पाहावेत.

मला सांगायचे आहे ते म्हातारपणाविषयी. या विषयाचे 'स्टार ट्रेक'ला प्रथमपासून विलक्षण आकर्षण. 1967 सालच्या एका भागात किरणोत्सर्गाने कर्क आणि त्याचे सहकारी स्पॉक व डॉक्टर मॅकॉय पाहता पाहता जराजर्जर होतात; वीस वर्षांनी नव्या मालिकेच्या पहिल्याच भागात तोच मॅकॉय 137 वर्षांचा होऊन येतो, आणि ती भूमिका करणारे डीफॉरेस्ट केली तेव्हा अवघे 67 वर्षांचे होते. परंतु या प्रकरणाचा मुकुटमणी म्हणजे 1994 सालचा अखेरचा भाग, 'ऑल गुड थिंग्ज'. त्यात पंचवीस वर्षांनंतरचा पिकार्ड फ्रान्समधील आपल्या द्राक्षमळ्यात पांढरी दाढी चिकटवून वावरतो, आणि डेटा हा यंत्रमानव केंब्रिजमध्ये न्यूटनच्या अध्यासनावर बसलेला दिसतो. यंत्रमानवाला वय कसले? म्हणून प्राध्यापकी हुद्द्याचा आब राखण्यासाठी त्याने केसांत एक पांढरा पट्टा ओढून घेतला आहे! (ते अध्यासन तेव्हा प्रत्यक्षात स्टीफन हॉकिंग यांच्याकडे होते, आणि त्यांनी 1993 साली याच मालिकेत स्वतःचीच भूमिका करून डेटाबरोबर पत्त्यांचा डाव मांडला होता. केंब्रिजात आमचे जयंत नारळीकर हॉकिंग यांचे समकालीन. त्यामुळे हे सारे पाहताना मला झालेला आनंद काहीसा प्रादेशिक होता, हे कबूल करतो.)

2020 साली 'स्टार ट्रेक: पिकार्ड' सुरू झाली ती त्याच द्राक्षमळ्यात, मात्र या वेळी पिकार्ड साकारणाऱ्या पॅट्रिक स्ट्युअर्ट यांना वार्धक्य चिकटवावे लागले नाही. 2023च्या तिसऱ्या पर्वात जुना चमू पुन्हा एकत्र आला, तेव्हा स्ट्युअर्ट 82 वर्षांचे होते. पिकार्डच्या सहकाऱ्यांपैकी रायकरची दाढी पिकलेली, वॉर्फचे केस पांढरे. पेच होता तो डेटाचा. कारण ती भूमिका करणारे ब्रेंट स्पायनर 74 वर्षांचे झाले होते आणि यंत्राच्या गालावर सुरकुतीला जागा नव्हती. लेखकांनी त्याला वृद्ध चेहऱ्याचा नवा देहच देऊन टाकला. ही पळवाट आहे हे उघड आहे. पण इतकी प्रामाणिक पळवाट विज्ञानकथेत मी क्वचितच पाहिली.

याच पर्वाच्या नवव्या भागात ही मंडळी जुन्या नौकेच्या सुकाणूकक्षात पाऊल टाकतात, तो प्रसंग मी किती वेळा पाहिला हे घरच्यांना विचारावे. मूळ नेपथ्य केव्हाच मोडले होते. नेपथ्यकार डेव्ह ब्लास यांच्या पथकाने लाकडी कठड्यापासून गालिच्यापर्यंत सारे नव्याने उभारले. इतक्या वर्षांनी घरी परतलेला कप्तान आठवण काढतो तीही गालिच्याची! नौकेच्या संगणकाला आवाज मॅजेल बॅरेट यांचा, म्हणजे रॉडनबेरींच्या पत्नीचा. त्या 2008 सालीच निवर्तल्या होत्या, म्हणून जुनी ध्वनिमुद्रणे वापरली.

न्यूयॉर्क राज्यात टायकॉन्डेरोगा या लहानशा गावी कर्कच्या नौकेचे नेपथ्यही असेच मूळ आराखड्यांबरहुकूम पुन्हा उभारले आहे. भाचीच्या आग्रहावरून मी तेथे गेलो, म्हणजे आग्रह माझा आणि मोटार तिची. कप्तानाच्या खुर्चीत बसलो, आणि गुडघ्यांमुळे उठताना भाचीचा हात धरावा लागला.

1994चा तो भाग पिकार्ड सहकाऱ्यांच्या पत्त्यांच्या डावात प्रथमच सामील होतो तेथे संपतो. 2023च्या पर्वाचा अखेरचा भागही त्याच खेळावर संपतो, आणि ते दृश्य घेताना कॅमेरा चालू ठेवून नटमंडळींना खरोखरच खेळू दिले होते. वाचकांनी सवडीने एकाच संध्याकाळी आधी तो जुना भाग पाहावा आणि लगेच हा नवा. मधले काही पाहिले नाही तरी चालेल.