सत्तावीस ज्योतिषी, एकाचे चोवीस गुण

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. ज्या प्रयोगात त्यांचा सहभाग होता, अशा एका पुणेरी प्रयोगाकडे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा बघावे, असे मला मनापासून वाटते. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि दाभोलकर यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन मूल कोणत्या गटातले, एवढेच विचारले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. चाळीसपैकी बरोबर उत्तरांची सरासरी २० च्याही खाली आली. नाणे उडवून ठरवले असते, तरी २० च्या आसपास आली असती.

पण एकाची २४ उत्तरे बरोबर होती. त्याचे काय?

निव्वळ अंदाजाने २४ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता, म्हणजे पी-मूल्य, सुमारे १३ टक्के. पाच टक्क्यांच्या रूढ कसोटीला किमान २६ हवीत. समजा, कुणाची २६ आली असती, तर? एकट्यापुरती ही शक्यता ४ टक्के. पण सत्तावीसही जण अंदाजच करत असतील, तर निदान एकाला २६ गाठता येण्याची शक्यता ६७ टक्के होते! सर्वांत वरचा आधी निवडायचा आणि मग त्याला एकट्यादुकट्याची कसोटी लावायची, ही स्वतःचीच फसवणूक.

बॉन्फेरोनीचा उपाय सरळ आहे: ५ टक्क्यांना २७ ने भागा. मर्यादा ०.१९ टक्क्यांच्याही खाली येते आणि ४० पैकी ३० बरोबर असावी लागतात. १९७९ ची होल्मची पद्धत सर्वांत लहान पी-मूल्यापासून सुरू होते आणि पायरीपायरीने मर्यादा सैल करते. खोट्या निष्कर्षापासून संरक्षण तेवढेच, पण खरा परिणाम निसटण्याचा धोका कमी. म्हणूनच ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे काही सांगितले नाही, तर तीच वापरली जाते. हजारो जनुके तपासणारे बेंजामिनी-हॉकबर्गची १९९५ ची पद्धत घेतात. जाहीर केलेल्या शोधांपैकी खोटे किती, यावर ती लगाम घालते.

मात्र सॉफ्टवेअर आपण दिलेलीच पी-मूल्ये मोजते. वीस चाचण्या करून तीनच त्याच्या पुढ्यात ठेवल्या, तर ते तीननेच भागेल. पुण्याच्या प्रयोगात प्रत्येकाला प्रश्न एकच होता, आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ साली निकाल छापताना सर्वांत वरच्या गुणांबरोबर उत्तरे देणाऱ्यांची संख्याही दिली होती. वरची आकडेमोड त्या संख्येच्या जोरावरच करता आली.